ग्रंथ, वाचक आणि आपण : एका प्रबंधाच्या निमित्ताने



स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु गतवर्षी घरातच एक प्रसंग घडला आणि त्याने मला ग्रंथालयांच्या इतिहासाकडे वळविले. त्याची हकीकत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझी पुतणी ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी प्रबंध लिहीत होती. वरूड भागातील खेड्यांत गेल्या काही पिढ्यांत कोण वाचीत होते आणि काय वाचीत होते, हा तिचा विषय. मी म्हणालो, “अगं, पुस्तकांवर प्रबंध लिहायचा तर पुस्तके वाच; वाचणाऱ्यांची शिरगणती कशाला?” त्यावर ती म्हणाली, “मोठेबाबा, पुस्तक एकटे नसते. लिहिणारा, छापून विकणारा आणि वाचणारा, असे तिघे मिळून ते पुरे होते.” फ्रान्समधील रोबेर एस्कार्पी या अभ्यासकाने १९५८ साली साहित्याच्या समाजशास्त्रावर एक छोटा ग्रंथ लिहून हीच दृष्टी मांडली, हे मला तिच्याकडून कळले.

परंतु हा विचार आपल्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. १८८५ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण दिले. जोतीरावांनी ते नम्रपणे पण स्पष्टपणे नाकारले. जे लोक इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाचे दुःख आले नाही, हे प्रश्न एस्कार्पीच्या सुमारे पाऊणशे वर्षे आधी मराठीत विचारले गेले होते.

ग्रंथालयाची गोष्टही तशीच. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले. त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. पण शाळा सोडल्यावर मूल वाचायला विसरले तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरविली. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली प्रबंध सादर करून एम. ए. झाले. ग्रंथांची पेटी आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ही एकाच धोरणाची दोन अंगे होती.

पुढे मद्रासेत गणिताचे प्राध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. पुस्तके कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यांतील पहिल्या दोहोंचे सार. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. पुढे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले व त्यानुसार सरकारी अनुदान मिळू लागले.

पुतणीने आणखी एक गंमत दाखविली. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्युई याने १८७६ साली केलेली दशांश वर्गीकरणाची पद्धत आपल्याकडील कित्येक ग्रंथालयांत चालते. तीत इंग्रजी साहित्याला ८२० हा प्रशस्त आकडा आहे. आपल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या मराठीला मात्र ८९१.४६! म्हणजे कपाटातील जागासुद्धा समाजातील जागा सांगते.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका वाचनालयाचा चिटणीस होतो. त्याचे नाव येथे सांगत नाही. जागा अपुरी पडत होती म्हणून जुनी देवघेव रजिस्टरे, वर्गणीची पुस्तके आणि वाळवी लागलेली मासिके मी रद्दीवाल्यास देऊन टाकली. त्या पैशात दोन खुर्च्या आल्या आणि माझ्या काटकसरीबद्दल सभेत टाळ्याही पडल्या. पुतणीने विचारले, “मोठेबाबा, ती रजिस्टरे कुठे आहेत?” कोणत्या घरात कोणते पुस्तक गेले, पहिली स्त्री-सभासद कधी झाली, संत्र्याच्या हंगामात वाचन कमी होई की काय, हे सारे त्यांत होते. मला उत्तर देता आले नाही. पुस्तक पुन्हा विकत मिळते. वाचकाची नोंद मात्र पुन्हा मिळत नाही.

मुलगी खचली नाही. ती वृद्धांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि आठवणी लिहून घेऊ लागली. तेव्हा असे दिसले की, आपल्याकडे पुष्कळसे वाचन हे ऐकण्यानेच झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता एकजण वाचतो आणि अनेकजण ऐकतात. त्यांतील एकाचेही नाव रजिस्टरात नसते. ज्या गाडगेबाबांना शाळा मिळाली नाही, त्यांच्या कीर्तनाने गावेच्या गावे शहाणी केली, आणि आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने पदव्या देते. तेव्हा अक्षर न ओळखणाऱ्या आपल्या आजीलाही वाचक मानावे लागेल, असा विचार तिने प्रबंधात मांडला. मला तो पटला.

तिच्या कामी आलेले दुसरे साधन म्हणजे आपल्याच मंडळाच्या जुन्या स्मरणिका. गुणवंतांच्या याद्या, देणगीदारांची नावे, वधूवरांची माहिती, यांवरून समाज केव्हा काय शिकला ते कळते. जुन्या अंकांत मुलींची नावे शोधावी लागतात. अलीकडच्या अंकांत ती आपणहून समोर येतात. आपण ज्याला जाहिरातींचे पुस्तक म्हणून माळ्यावर टाकतो, तोच आपला इतिहास आहे.

म्हणून माझी सर्व कुटुंबांस हात जोडून विनंती आहे. येत्या दिवाळीला घर झाडताना जुन्या वह्या, पोथ्या, पत्रे, स्मरणिका व वाचनालयाच्या पावत्या रद्दीत घालू नका. निदान एकदा घरातल्या शिकत्या मुलामुलींना दाखवा. त्यांवर साल व नाव लिहून कोरड्या जागी ठेवा. आणि जे वाचनालयांचे पदाधिकारी असतील त्यांनी खुर्च्या थोड्या उशिरा घ्याव्यात.

प्रबंध पुरा झाला. अर्पणपत्रिकेत तिने माझे नाव घातले आहे. रजिस्टरे विकणाऱ्याचा हा सन्मान मला लाजविणारा आहे. परंतु या लेखाने एका घरातली जरी एक वही वाचली, तरी त्या ऋणातून मी अंशतः मुक्त झालो असे समजेन.