स्वतंत्रपूरची बिनभिंतीची कोठडी

1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे. खुनाची शिक्षा भोगणारे कैदीही तिथे भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ने (1957) ही वसाहत देशभर पोचवली, पण पडद्यावर भाव खाऊन जातो तो जेलर. माझ्या मते माणूस सावरला तो उपदेशापेक्षा अंगावर पडलेल्या जबाबदारीने: पीक आपले, घर आपले, मग पळायचे कुठे? कैदी निवडूनच पाठवले, मग यशाचे कौतुक कसले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र निवड गुन्हा पाहून होत नव्हती, वर्तन पाहून होत होती. आणि वर्तन बदलते. मराठवाड्यातही पुढे पैठणला खुले कारागृह झाले, तेही शेतीच्याच आधारावर.