टोपी, शेरवानी आणि आपण



ईद जवळ आली, शाळेचे स्नेहसंमेलन आले किंवा घरात लग्नकार्य निघाले, की आपल्या घरोघरी एक वाद हमखास होतो. मुलगा म्हणतो, मी पँट-शर्टच घालीन. अब्बा म्हणतात, आपला खानदानी पोशाख सोडून हे काय काढलेस? घरात आजोबा असले तर ते अब्बांनाही सुनावतात, की तुम्ही तरी रोज टोपी कुठे घालता! वाद थोडा वेळ चालतो, कोणीतरी रुसते आणि शेवटी कोणाच्या तरी मनाविरुद्ध कपडे ठरतात.

वर्गात इतिहास शिकवणारा एक शिक्षक म्हणून मला या वादात एक प्रश्न नेहमी पडतो. ज्याला आपण बापजाद्यांचा पोशाख म्हणतो तो नेमका किती जुना आहे? तो कोणी आणि कशासाठी निवडला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

सुरुवात आपल्या नागपुरापासूनच करू. मोमीनपुरा हे नाव मोमीन विणकरांवरून पडले. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या धामधुमीनंतर, उत्तरेकडून कितीतरी मोमीन कुटुंबे पोटासाठी दक्षिणेकडे आली. त्यांपैकी काही नागपुरात आणि कामठीत स्थिरावली. त्यांनी येथे हातमाग टाकले. मागावर विणले काय, तर प्रामुख्याने या मुलखातील स्त्रिया नेसतात ती लुगडी! नागपूर-उमरेडकडचे कोष्टी बांधव रेशीमकाठी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होतेच, त्यांच्या जोडीला हे मोमीन कारागीर आले. म्हणजे मोमीनाच्या मागावरचे लुगडे वऱ्हाड-नागपूरच्या शेतकरी घरांत सणावाराला नेसले जात होते. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडला. आज ती गिरणीही बंद झाली आहे. परंतु कापड विणणाऱ्याचा धर्म आणि ते नेसणाऱ्याचा धर्म वेगळा असला, तरी कापड दोघांचेही असते, हा धडा या शहराने फार पूर्वी घेतला आहे.

शब्दांचेच पाहा ना. पोशाख हा शब्द फारसी. रुमाल, शाल, जरी हेही फारसीतूनच मराठीत आले. सदरा या शब्दाच्या मुळाशी छाती या अर्थाचा अरबी शब्द आहे. पायजमा म्हणजे पायांचे वस्त्र. तो इंग्रजांनी येथून उचलला आणि विलायतेत नेऊन झोपताना घालायचा कपडा करून टाकला. कपडे आणि त्यांची नावे अशी सतत प्रवास करीत असतात.

आता टोपीकडे येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जुन्या छायाचित्रांत काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी पुष्कळदा दिसते. ती पाहिली की आपल्याला वाटते, हीच खरी परंपरागत मुस्लिम टोपी. परंतु तिची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तुर्कस्तानात पूर्वी अमामा, म्हणजे पगडी, बांधण्याची चाल होती. सुलतान महमूद दुसरा याने सैन्यात आणि कारभारात सुधारणा सुरू केल्या व १८२९ साली सरकारी नोकरांना पगडीऐवजी लाल फेझ टोपी सक्तीची केली. तेव्हा जुन्या मंडळींनी कुरकुर केली, की ही नवी थेरे कशाला? पण दोन-तीन पिढ्या गेल्या आणि टोपी अंगवळणी पडली. इतकी, की तिच्यावाचून सभ्य माणूस ओळखूच येईना. पुढे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील कारखान्यांतून या टोप्या तुर्कस्तानात येऊ लागल्या. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियाच्या मालावर बहिष्कार घातला. त्या बहिष्कृत मालात याच टोप्या होत्या!

त्यानंतर मुस्तफा कमाल पाशांनी नोव्हेंबर १९२५ मध्ये कायदा करून फेझवर बंदी घातली आणि विलायती हॅट आणली. आता लोक फेझसाठी रस्त्यावर उतरले. ठिकठिकाणी दंगली झाल्या, काहींना प्राणही गमवावे लागले. शंभर वर्षेही झाली नव्हती. जी टोपी पणजोबांना नवी म्हणून खटकली, तीच पणतवंडांना धर्माची खूण वाटू लागली. यात कोणाची थट्टा करण्याचा हेतू नाही. दोन्ही वेळी लोकांच्या भावना खऱ्याच होत्या आणि दोन्ही वेळी सक्ती वरून आली होती. माणसाच्या डोक्यावर काय असावे हे हुकमाने ठरवू लागले, की माणसे दुखावतात, मग हुकूम सुधारणेचा असो की परंपरेचा.

शेरवानीचेही तसेच आहे. जुना अंगरखा आणि इंग्रजी लांब कोट यांच्या मिलाफातून ती एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. अलीगढला १८७५ साली शाळा काढून आधुनिक तालीमची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांनी तुर्की कोट आणि लाल टोपी स्वीकारली. पुढे अलीगढच्या विद्यार्थ्यांची ती ओळख झाली. त्या काळी सर सय्यदांवर टीकेचा भडिमार झाला, फतवे निघाले. आज मात्र अलीगढची शेरवानी म्हटले की आपली मान ताठ होते.

या सर्व पोशाखांची भेट एकदा आपल्या नागपुरातच झाली होती. डिसेंबर १९२० मध्ये येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुमारे १४ हजार प्रतिनिधी आले होते आणि असहकाराचा ठराव येथे पक्का झाला. मौलाना मोहम्मद अली हे ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनी आणि त्यांचे बंधू शौकत अली यांनी खिलाफतीच्या दिवसांत विलायती कपडे सोडून सैल झगा आणि चंद्रकोरीची टोपी धारण केली होती. बॅरिस्टर जिना मात्र त्या काळी उंची विलायती सूटात वावरत. त्यांनी असहकाराला विरोध केला. बोलताना गांधीजींचा उल्लेख 'महात्मा' असा न करता 'मिस्टर' असा केला, म्हणून सभेने त्यांना ओरडून बेजार केले. पुढे ते काँग्रेसमधून बाहेर पडले.

त्याच सुमारास गांधी टोपी घरोघरी पोहोचू लागली होती. गांधीजींनी काका कालेलकरांना या टोपीची हकीकत सांगितली आहे. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील शिरोभूषणे पाहिली आणि काश्मिरी टोपी पसंत केली. कारण ती हलकी, शिवायला सोपी आणि घडी करून खिशात ठेवता येणारी. पगडीला मात्र कापड फार लागते. रंग पांढरा घेतला, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ दिसतो, म्हणून ती वारंवार धुवावी लागते. किती साधा, व्यवहारी विचार आहे हा! त्यात सोय आहे, काटकसर आहे आणि स्वच्छता आहे.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये मुस्लिम लीगच्या लखनौ अधिवेशनात तेच जिना शेरवानी आणि कराकुली टोपी घालून आले. त्या टोपीला लोक जिना टोपी म्हणू लागले. आणि फाळणीला अखेरपर्यंत विरोध करणारे मौलाना अबुल कलाम आझाद? तेही शेरवानी आणि उंच टोपीतच असत. पोशाख जवळजवळ एकच, पण विचार दोन टोकांचे. तेव्हा शेरवानीवरून माणसाचे मन ओळखू पाहणाऱ्याने या दोघांची आठवण ठेवावी.

नागपूरच्या इतिहासात पोशाखाचा आणखी एक प्रसंग आहे आणि तो विसरून चालणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित भगिनींना उद्देशून भाषण केले. ज्या पेहरावावरून तुमची जात ओळखली जाते तो सोडा, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नीट नेसा, गिलटाचे जड दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. शतकानुशतके ज्यांच्या पेहरावावरही इतरांचा हुकूम चालला, त्यांना हे सांगणे म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती! त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आज ज्या जागेला आपण दीक्षाभूमी म्हणतो तेथे, लाखो लोक बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी जमले, ते पांढरी वस्त्रे परिधान करून. जन्मभर सूट-टायमध्ये दिसलेले बाबासाहेबही त्या दिवशी शुभ्र वस्त्रांत होते. गरीब-श्रीमंत, शहरी-खेडूत सारे एका रंगात. आपल्याला यात परके काही वाटू नये. हजला जाणारा प्रत्येक पुरुष, बादशहा असो की हमाल, न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरींचा इहराम बांधतो. प्रसंगाचा पोशाख कसा असावा याचा यापेक्षा चांगला नमुना कोठे सापडेल? त्यात कोणी मोठा दिसत नाही आणि कोणी लहान दिसत नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण एक घडलेली गोष्ट आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवीनच होतो. वार्षिक समारंभाला सर्व मुलांनी काळी शेरवानी घालून यावे, अशी कल्पना निघाली. फोटो छान येतील, पाहुण्यांना शिस्त दिसेल, असे आम्हा शिक्षकांना वाटले. वर्गात ती सूचना मीच वाचून दाखवली. माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. निबंधात त्याला पहिले बक्षीस मिळाले होते. समारंभाच्या दिवशी त्याचे नाव पुकारले गेले आणि तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणाला, "सर, ताप होता." पुढे आठ-दहा दिवसांनी त्याचे अब्बा रस्त्यात भेटले. पॉवरलूमवर कामाला असलेला साधा माणूस. ते म्हणाले, "मास्टरसाहेब, भाड्याची शेरवानी पाहिली होती हो, पण त्याच आठवड्यात मालकाने काम बंद ठेवले. पोरगा म्हणाला, राहू द्या, मला नाही जायचे." मला काय बोलावे सुचेना. ज्यांच्या वाडवडिलांनी या मुलखाला वस्त्रे पुरवली, त्यांच्या मुलाला एका कोटापायी स्वतःच्या बक्षिसाला मुकावे लागले. आणि ती सूचना वाचणारा मी होतो.

कोणी म्हणेल, मग शाळेचा गणवेशही नको काय? तसे नाही. गणवेश हा सर्वांना परवडेल असा असतो, रोज वापरला जातो आणि वर्गातील गरीब-श्रीमंत भेद झाकतो. त्याचे हेच काम आहे. परंतु एका दिवसाच्या शोभेसाठी केलेली सक्ती हाच भेद उघडा पाडते. एकाच प्रकारच्या कपड्यांनी एक गोष्ट साधते आणि दुसरीही. म्हणून नियम करण्यापूर्वी तो कोणाला जड जाईल हे पाहावे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा मे महिन्यात सुती सदरा मागत असेल तर त्याला नाही म्हणू नका. आपल्या नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. हवामानाने शिकवलेला हा पोशाख आहे. लग्नात एका दिवसाच्या शेरवानीसाठी कर्ज काढण्यापेक्षा ते पैसे मुलाच्या पुस्तकांना द्या. मुलींच्या बाबतीतही विचार करा. मुलीच्या ओढणीबद्दल घरात जितकी चर्चा होते, तितकी तिच्या गणिताच्या मार्कांबद्दल होते काय?

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. मित्राने घातली म्हणून महागडी जीन्स मागणे ही काही आवडनिवड नव्हे, तीही एक सक्तीच आहे, फक्त ती मित्रांची. आजोबांच्या टोपीला हसू नका. ती टोपीही एकेकाळी नवी होती आणि कोणीतरी धीर करून ती प्रथम घातली होती. ईदच्या नमाजला जाताना ती आनंदाने घाला, प्रयोगशाळेत जाताना सुटसुटीत कपडे घाला, आणि दोन्ही वेळी ते स्वच्छ असू द्या. आपल्या मजहबने तरी सर्वांत उत्तम लिबास परहेजगारीचा मानला आहे, आणि तो भाड्याने मिळत नाही.

असो. त्या मुलाचे बक्षीस मी नंतर त्याच्या घरी नेऊन दिले. त्याने ते घेतले, सलाम केला. अंगावर धुतलेला पांढरा सदरा होता. त्या दिवसानंतर समारंभाची सूचना लिहिण्याची पाळी माझ्यावर आली, की मी पोशाखापुढे एवढेच लिहितो : स्वच्छ कपडे, घरात असतील ते.