बेवारस मांजरीला घर शोधताना

रस्त्यावरून आणलेलं पिल्लू कुणाला द्यायची घाई करू नये. किमान 8 आठवडे ते आईजवळ हवं. आई नसेल तर गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात. पिल्लांची दूध पावडर मिळते. रेबीजची लस साधारण 3 महिन्यांनी, नसबंदी 5-6 महिन्यांत.

घर मात्र नीट पाहावं. माझ्या एका विद्यार्थ्याने हट्टाने पिल्लू नेलं, अम्मीला न विचारता. चौथ्या दिवशी ते बाजारात सोडलेलं सापडलं. तेव्हापासून मी आधी घरातल्या मोठ्यांशीच बोलते. खिडक्यांना जाळी आहे का? ईदला गावी गेलात तर खाणं कोण घालणार?

‘मांजर नापाक तर नाही ना?’ हे हमखास विचारतात. अबू दाऊदमध्ये हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत आहे: त्यांनी मांजरीला पाणी पिता यावं म्हणून वजूचं भांडं कलतं केलं आणि ती नापाक नाही, घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, हे हुजूर (स.) यांचं फर्मान सांगितलं. विष्ठा मात्र नापाकच, म्हणून तिचा मातीचा ट्रे नमाजच्या जागेपासून लांब ठेवा.

दिल्यावर दोन आठवडे फोन करत राहा. जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडेच परत आणा, हे आधीच सांगून ठेवा.