कंपनीच्या मर्जीवर चालणारी चौकशी

आरोपीची संमती असेल तरच चौकशी, अशी सवलत कुठल्या गरीब आरोपीला मिळाल्याचे कुणी ऐकले आहे का? कॅनडाच्या सरकारने ती परदेशात काम करणाऱ्या आपल्या खाणकंपन्यांना दिली, आणि तिला ‘कंपनीची सामाजिक जबाबदारी’ असे गोंडस नाव दिले.

जगातल्या निम्म्याहून अधिक खाणकंपन्यांची मुख्यालये त्या काळी कॅनडात होती. खाणी मात्र लॅटिन अमेरिकेत, आफ्रिकेत, फिलिपिन्समध्ये. 2005 साली फिलिपिन्सच्या सुबानन आदिवासींची कैफियत ऐकून कॅनडाच्या संसदीय समितीने सांगितले, की या कंपन्यांना परदेशातील वर्तनाबद्दल कायद्याने जबाबदार धरा. सरकारने ते मानले नाही, गोलमेज बैठका भरवल्या. (गोलमेजाचा अनुभव आपल्यालाही आहे.) 2007 मध्ये या बैठकांच्या सल्लागार गटाने एकमताने स्वतंत्र लोकपाल मागितला. या गटात खाण उद्योगाचेही प्रतिनिधी होते, हे लक्षात घ्या. दोन वर्षे उत्तर नाही. मार्च 2009 मध्ये लोकपालाऐवजी एक सल्लागार नेमण्याचे ठरले. तक्रार आली तर कंपनीने चर्चेला बसायचे की नाही, हे कंपनीनेच ठरवायचे!

2011 मध्ये मेक्सिकोतील ला प्लातोसा खाणीच्या कामगारांच्या बाजूने तक्रार गेली. कंपनी चर्चेतून उठून गेली आणि प्रकरण बंद झाले. सल्लागाराने नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता.

दरम्यान खासदार जॉन मॅके यांनी सी-300 हे विधेयक आणले होते. मानके मोडणाऱ्या कंपनीचे सरकारी अर्थसाहाय्य बंद करा, एवढीच त्याची मागणी. 27 ऑक्टोबर 2010 रोजी ते 140 विरुद्ध 134 मतांनी पडले. मॅके यांच्याच लिबरल पक्षाचे अनेक खासदार, पक्षनेते इग्नातिएफ यांच्यासह, गैरहजर राहिले. उघड विरोध करणाऱ्यापेक्षा ऐनवेळी गायब होणारा मित्र महागात पडतो.

पुढे हाच पक्ष सत्तेवर आला. 2018 मध्ये लोकपालाची घोषणा झाली, 2019 मध्ये नेमणूकही झाली. पण साक्षीदार बोलावण्याचा, कागदपत्रे मागवण्याचा अधिकार दिला नाही. सरकारच्या सल्लागार मंडळावरील नागरी संघटना आणि कामगार संघटनांच्या सर्व 14 प्रतिनिधींनी त्या जुलैमध्ये राजीनामे दिले.

आता दुसरी वाट बघा. एरिट्रियातील बिशा खाणीत आपल्याकडून वेठबिगारी करून घेतली, असा आरोप करत काही कामगारांनी 2014 मध्ये नेव्हसन कंपनीवर थेट कॅनडाच्या न्यायालयात दावा लावला. कंपनीचे म्हणणे, हा खटला इथे चालूच शकत नाही. 28 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की खटला चालू शकतो. त्याच वर्षी कंपनीने तडजोड केली. रक्कम गुप्त ठेवली गेली. लोकपालाच्या कार्यालयाचा यात काडीचाही वाटा नव्हता.