‘डीयू’च्या पानावरचं भूत

‘बग’ म्हटलं की हार्वर्डच्या मार्क-टू संगणकात १९४७ साली सापडलेला पतंग हमखास समोर ठेवला जातो. तो नोंदवहीत चिकटवला, हे खरं. पण ‘बग खरोखर सापडला’ अशी गंमत त्याच्याशेजारी लिहिता आली, याचाच अर्थ शब्द आधीपासून रुळलेला होता. एडिसनच्या १८७८ च्या पत्रात तो आहेच. किडापक्षाचं म्हणणं असं, की यंत्रात शिरलेला त्रासदायक जीव तो बग. माझा कल मात्र मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘बग’कडे, म्हणजे बुजगावणं किंवा भूत. (इथे आपल्या बागुलबुवाला शेजारी बसवायचा फार मोह होतो, पण नुसत्या नादावर सोयरीक जुळत नाही.) किडा चिरडला की संपतो. भुताला आधी नाव घेऊन बोलवावं लागतं.

माझ्या पक्षाला साक्षीदार मिळाला तो जागा मोजणाऱ्या एका आज्ञेच्या पानावर. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यात ‘बग्ज’ असा स्वतंत्र परिच्छेद असे. ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या डिरेक्टरीने डिस्कवर किती ब्लॉक अडवलेत ते सांगते. एका फाइलला दोन नावं असली तरी ती एकदाच मोजायची, म्हणून ती फायलींचे आय-नंबर, म्हणजे डिस्कवरचे ओळखक्रमांक, ध्यानात ठेवी. पण काढता-घालता येणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर तेच नंबर पुन्हा येत, फायली मात्र निराळ्या, हिशेब चुके. पानावर हे कबूल केलंय, आणि वर उताराही दिलाय: प्रत्येक मूळ डिरेक्टरीसाठी वेगळी यादी ठेवायला हवी. रोग माहीत, औषध माहीत, घेतलं मात्र नाही!

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही तक्रार गेलेली दिसते. आता आय-नंबरच्या जोडीला डिस्कचा क्रमांकही तपासला जातो. म्हणून परिच्छेद रिकामा झाला का? छे. नवी कबुली आली: अनेक नावांच्या फायली फारच झाल्या, तर जास्तीच्या पुन्हा पुन्हा मोजल्या जातील. यादीची लांबी ठरलेली होती ना. एक भूत उतरलं, त्याच झाडावर दुसरं बसलं. किड्याची उपमा इथे चालवून दाखवावी.

रिचींनी पुढे सांगितलं, की हे परिच्छेद लिहिताना लाज वाटे आणि लिहिण्याऐवजी ते प्रोग्रामच दुरुस्त करत. मग छापून उरले ते, माझ्या मते, पुरेशी लाज न आणणारे दोष.

युनिक्सच्या आज्ञा नव्याने लिहिणाऱ्या ग्नू घराण्याची तऱ्हा वेगळी: तिथली कुरबुर परिच्छेदात नाही, एका नावात उमटली. पॉझिक्स या युनिक्सछाप प्रणालींच्या मानकाचा नियम ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये मोजा म्हणे. ग्नूचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना १०२४ हवे होते. नियम पाळायचाच असेल तर एक सेटिंग लावा, असं ठरलं आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘पॉझिक्स मी हार्डर’. पुढे ते सभ्य करून ‘पॉझिक्सली करेक्ट’ झालं. आजही ते लावलं, की ग्नूची डीयू मुकाट्याने ५१२ वर येते.