चंद्रावर गेलेली वीण

इंजिनिअरिंगला असताना 'मॅग्नेटिक कोअर मेमरी' आम्हाला अर्ध्या पानात शिकवली होती. चुंबकीय कड्या, त्यांतून जाणाऱ्या तारा, आणि परीक्षेत आकृतीला पाच गुण. त्या तारा ओवल्या कोणी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

उत्तर बरंच नंतर सापडलं, बॉस्टनजवळच्या वॉल्थममध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात फ्रान्सिस कॅबट लोवेलच्या गिरणीने कापसापासून कापडापर्यंतचं सगळं काम एका छपराखाली आणलं. त्यानंतर दीडेकशे वर्षांनी तिथेच, रेथिऑन कंपनीत, अपोलो यानांचे संगणक तयार होत होते. त्यांचे प्रोग्रॅम अक्षरशः विणले जात. तार कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एका संगणकात अशा विणीचे सहा संच. प्रत्येक संचात ५१२ कड्या आणि १९२ तारा.

छिद्रांच्या पट्टीवर चालणारं यंत्र नेमकी कडी समोर आणून देई. म्हणजे १८०४च्या जकार्ड मागाचंच हे नातवंड. सुई मात्र कामगार बाई हाताने पलीकडे नेई. यातल्या अनेकजणी कापडगिरण्यांतून आणि घड्याळाच्या कारखान्यातून आलेल्या. एका संचाला आठवडेच्या आठवडे लागत. अभियंते या प्रकाराला 'लिटल ओल्ड लेडी' मेमरी म्हणत, म्हणजे म्हातारबाईंची मेमरी. टोपणनाव टिकलं, बायकांची नावं टिकली नाहीत.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॅनिएला रोझनर, सामंथा शोरी, ब्रॉक क्राफ्ट आणि गोधड्या शिवणाऱ्या हेलन रेमिक यांनी याच धाग्यावर एक प्रकल्प केला. २०१८ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी चक्क एक इलेक्ट्रॉनिक गोधडी केली. कार्यशाळेला येणाऱ्यांनी धातूचे मणी आणि वीजवाहक धागा घेऊन एकेक ठिगळ विणायचं. ते गोधडीला जोडलं की ही मेमरी कशी घडत असे, याच्या प्रत्यक्ष आठवणी ऐकू येतात. न विणता नुसतं ऐकायची सोय नाही, हे मला फार आवडलं.

मग मीही घरी बसलो. सोळा मणी, तांब्याची बारीक तार, आणि माझ्या नावातली पहिली दोन अक्षरं शून्य-एकात. दोनदा चुकलो. आठव्या मण्यातली चूक लक्षात आली ती तेराव्या मण्यापाशी, आणि सगळं उसवावं लागलं. बोटं हलत होती तितकंच डोकंही मोजत होतं. 'हे नुसतं हाताचं काम' असं म्हणणाऱ्याने एकदा चौदावा मणी ओवून बघावा.

ती गोधडी हरवलेली नावं परत देत नाही, देऊही शकत नाही. पण पाहायला आलेल्याला ती अर्धा तास त्या बाईच्या जागी बसवते. परीक्षेतली ती आकृती आज पुन्हा काढायची झाली, तर कडीशेजारी मी एक सुई काढीन.