स्टिफेलिओ

जुझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) याचा तीन अंकी इटालियन ऑपेरा. संहिता फ्रांचेस्को मारीआ प्याव्हे याची. प्रथम प्रयोग १६ नोव्हेंबर १८५० रोजी ऑस्ट्रियाच्या अमलाखालील त्रिएस्ते येथील तेआत्रो ग्रांदे या नाट्यगृहात झाला. कालक्रमाने ही कृती ‘लुइझा मिलर’ (१८४९) व ‘रिगोलेत्तो’ (१८५१) यांच्या दरम्यान येते. एमील सूव्हेस्त्र व यूजेन बूर्झ्वा यांचे ‘ल पास्तर’ (१८४९) हे फ्रेंच नाटक तिचा मूलाधार होय.

कथानक : प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक स्टिफेलिओ प्रवासाहून परततो, तेव्हा त्याची पत्नी लीना हिचा राफाएले या तरुणाशी झालेला व्यभिचार हळूहळू उघड होतो. घराण्याच्या अब्रूस जपणारा तिचा पिता, वृद्ध सरदार स्टान्कार, राफाएलेचा वध करतो.

अभ्यवेक्षण : विवाहित धर्मोपदेशक, त्याची स्वैरिणी भार्या आणि रंगमंचावरील प्रार्थनामंदिर, या तिन्ही गोष्टी एकाच संहितेत आल्यामुळे तत्कालीन अभ्यवेक्षकांची वक्रदृष्टी तिजवर वळणे अपरिहार्य होते. तिसऱ्या अंकात घटस्फोटाच्या कागदावर सही केल्यानंतर लीना पतीस पती म्हणून नव्हे, तर धर्मगुरू म्हणून आपले पापनिवेदन ऐकण्याची विनवणी करते. ‘धर्मगुरू’ या ज्या एका संबोधनावर या प्रसंगाचा सारा भार आहे, तेच बदलून तेथे नायकाने पूर्वी धारण केलेले ‘रोदोल्फो’ हे नाव घालण्यात आले, आणि मग प्रसंगाचे नाट्यच ओसरले. अखेरच्या दृश्यात स्टिफेलिओ व्यासपीठावरून योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारिणीच्या क्षमेची कथा वाचून पत्नीस जाहीररीत्या क्षमा करतो, त्या भागासही कात्री लागली. इतरत्र तर ‘गुल्येल्मो वेलिंग्रोदे’ या नावाने नायकास एका जर्मन संस्थानाचा दिवाण करून कृती रंगभूमीवर आणण्यात आली. धर्मगुरूच्या मुखातून क्षमा वदविणे, हेच ज्या कृतीचे प्रयोजन, तीतून धर्मगुरूच वजा केल्यावर अवशिष्ट राहिले ते सामान्य कौटुंबिक कलहाचे नाट्य.

रूपांतर : या फेरफारांना कंटाळून व्हेर्दीने मूळ संगीताचा बराचसा अंश घेऊन ‘आरोल्दो’ (रीमिनी, १६ ऑगस्ट १८५७) हा चार अंकी ऑपेरा रचला, त्यात धर्मोपदेशकाचा क्रूसेडवीर झाला.

संगीत : पूर्वसंगीतातील तुतारीची एकल धून व स्टान्कारचे तिसऱ्या अंकातील गान उल्लेखनीय. शेवटी प्रचलित विस्तृत समूहगान टाळले आहे.

पुनरुज्जीवन : दीर्घकाळ हरवलेल्या मानल्या गेलेल्या स्वरलिपीच्या नकला नेपल्स येथे उपलब्ध झाल्यावर १९६८ मध्ये पार्मा येथे प्रयोग झाला. १९९२ मध्ये व्हेर्दीच्या वारसांनी स्वहस्ताक्षरातील पृष्ठे अभ्यासकांस खुली केल्याने अभ्यवेक्षणपूर्व पाठ बव्हंशी सिद्ध करता आला. १९९३ मध्ये लंडन व न्यूयॉर्क येथे प्रयोग झाले.

प्रथम प्रयोगातील गायक : गाएतानो फ्रास्कीनी (स्टिफेलिओ), मारिएत्ता गात्सानिगा (लीना), फिलिप्पो कोलीनी (स्टान्कार).